ठेकेदारीणबाईंनी पास केलेलं कोटेशन

ठेकेदारीणबाई देवळात निघाल्या, की नारळावर घरूनच हळदीचं बोट ओढून न्यायच्या. पुजाऱ्यानं नारळ फोडून अर्धा परत दिला, की आधी ते बोट शोधायच्या आणि मगच हात जोडायच्या. पुजारी लबाड आहे, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. "गाभाऱ्यात अंधार असते, मास्तर," त्या मला सांगायच्या, "अंधारात अदलाबदल होऊन जाते. त्याले तरी काय समजते बिचाऱ्याले?" इतक्या समजूतदारपणे संशय घेणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

भंडाऱ्यात त्यांच्या घराच्या पुढच्या बाजूच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहत होतो. मी शाळेत मास्तर. बायको कुंदा, तुमसरच्या एका राइस मिलमध्ये हिशेब तपासणाऱ्या दिवाणजींची मुलगी. लग्न झाल्यावर आम्ही तिथं आलो आणि आमची सुमी तिथंच रांगायला शिकली. बाई मूळच्या आंधळगावच्या. त्यांचे यजमान लहानमोठी सरकारी कामं घेणारे ठेकेदार होते. विहिरी, नाल्यांवरचे रपटे, शाळांच्या भिंती असलं काहीबाही बांधायचे. मूलबाळ नव्हतं, आणि एका उन्हाळ्यात यजमानही गेले. त्यांच्यामागे गावात बाईंचं नाव ठेकेदारीणबाई असंच राहिलं. तोंडावर आम्ही त्यांना काकू म्हणायचो, आणि सुमी आजी.

त्यांचं घर यजमानांनीच बांधलेलं. पुढच्या खोलीची खिडकी हुबेहूब शाळेच्या खिडकीसारखी होती, स्वयंपाकघराचं दार दवाखान्यात शोभलं असतं, आणि प्रत्येक खोलीतली फरशी वेगळ्या रंगाची. "उरलं-सुरलं होतं ते लावलं," असं काकू म्हणायच्या, आणि त्यापुढे कोणी चौकशी केलेली त्यांना खपत नसे. साऱ्या जगात संशयातून सूट मिळालेला तेवढा एकच माणूस होता, आणि तो भिंतीवरच्या फोटोत हार घालून बसलेला होता. "ते चोर नव्हते," एकदा त्या आपणहून म्हणाल्या, "पण चोरायच्या पंगतीत जेवत होते. म्हणून मले सारं ठाऊक हाये."

आमच्या वाटचाही संशय त्या घेऊन टाकायच्या. सुमीला खोकला झाला, की डॉक्टरांनी दिलेलं लाल औषध आधी स्वतः चमचाभर पिऊन बघायच्या. भाजीवाल्याशी कुंदा बोलत असली, की मागून येऊन तराजूच्या पारड्याखाली हात फिरवायच्या. "भरोसा ठेवा, बाई" एवढं वाक्य ज्यानं उच्चारलं, त्याचा सौदा तिथंच मोडायचा. "ज्याच्यापाशी माल असते, तो माल दाखवते," त्या म्हणायच्या. "ज्याच्यापाशी नसते, तो भरोसा दाखवते." मला याचा त्रास व्हायचा आणि आधारही वाटायचा. कुंदाला फक्त त्रास व्हायचा, कारण दिवाणजींच्या मुलीला संशय दुसऱ्याकडून उसना घ्यायची गरज नव्हती.

ऐंशी सालच्या सुमारास आम्ही एक गाळा विकत घेतला. कारध्याच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नोकरदारांच्या एका सोसायटीनं बांधलेली दुमजली इमारत होती, तिच्यात वरच्या मजल्यावरचा. पहिल्या मालकाची बदली झाली, म्हणून तो विकत होता. भिंतींचे पोपडे निघालेले, ओटा खचलेला, न्हाणीतली फरशी हलत होती. पण गॅलरीत उभं राहिलं, की वैनगंगा दिसायची. राहायला जाण्याआधी दुरुस्ती करून घेणं भाग होतं, आणि दुरुस्तीसाठी ठेकेदारांची कोटेशनं मागवणं भाग होतं. मी पेढे घेऊन काकूंकडे गेलो आणि ही बातमी सांगितली. त्यांनी पेढा दोन बोटांनी मोडून आत काय आहे ते पाहिलं, खाल्ला, आणि म्हणाल्या, "कोटेशन आलं का मले दाखवाल. दाखवल्याबिगर सही करू नोका."

पहिलं कोटेशन टाइप केलेलं होतं. मला तर ते पाहूनच बरं वाटलं. काकूंनी चष्मा लावला आणि बोट ठेवून ठेवून वाचलं. रेतीपुढे 'दुरून वाहतूक' असा वेगळा खर्च मांडला होता. काकूंनी ठेकेदाराला गाळ्यावर बोलावून घेतलं आणि दंडाला धरून गॅलरीत उभं केलं. "ते काय दिसून राहिलं, भाऊ?" "नदी," तो म्हणाला. "मंग रेती कोठून आणतं? काशीहून?" तो गृहस्थ जिना उतरून गेला तो पुन्हा दिसला नाही.

दुसऱ्यानं सिमेंट आपणच आणतो असं लिहिलं होतं. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं आणि मास्तरासारख्या माणसाला ते परमिट काढता काढता नाकी नऊ यायचे. मला तो माणूस देवासारखा वाटला. काकूंना मात्र त्यात चोरीचा वास आला. "परमिटाबिगर आणते म्हणजे कोणाच्या तरी कामातून काढून आणते. आज त्याच्यातून काढून तुमच्यात टाकते, उद्या तुमच्यातून काढून तिसऱ्याच्यात टाकन." तेही कोटेशन बाद झालं. तिसऱ्याचं कोटेशन मला अगदी निर्दोष वाटलं. ते त्यांनी उलटं करून टेबलावर ठेवलं आणि मला म्हणाल्या, "मास्तर, कोटेशनात काय लिवलं ते कोणीबी वाचते. काय लिवलं नाही, ते वाचाले शिका." त्यात भिंतीचा गिलावा होता, पण जुना गिलावा खरवडून काढणं नव्हतं. म्हणजे पोपड्यांवरच नवं सिमेंट थापलं जाणार होतं. माझ्या लक्षात आलं नव्हतं, आणि काकू मात्र परीक्षेत पहिल्या आल्यासारख्या खूश होत्या.

त्या रात्री जेवताना कुंदा म्हणाली, "तुमाले अजून समजलं नाही का?"

"काय?"

"काकू एकही ठेकेदार पास करणार नाही. आपण इथून जाऊच नाही, म्हणून चाललं हे सारं."

मी हसण्यावारी नेलं. पण संशय ही गोष्ट घरात शिरली, की बाहेर निघत नाही. मला मग एकेक दिसायला लागलं. त्या महिन्यात काकूंनी अंगणातल्या नळावर पहिला नंबर आम्हाला देऊन टाकला होता. रोज संध्याकाळी लाखोळीच्या डाळीचे वडे नाहीतर जवसाची चटणी आमच्याकडे यायची. सुमीला रात्री त्यांच्याकडेच झोपवायचा हट्ट वाढला होता, आणि सुमी तर केव्हाही एका पायावर तयार. कुंदा वडे वाढून घ्यायची, चवीनं खायची आणि म्हणायची, "लाच आहे ही." मधल्यामध्ये माझे हाल. एकीला वाटे ठेकेदार फसवतात, दुसरीला वाटे काकू फसवतात, आणि मला दोघींचंही पटायचं.

शेवटी कुंदानं निर्वाणीचं सांगितलं. आता येईल ते कोटेशन शेवटचं. काकू काहीही म्हणोत, सही करून मोकळं व्हायचं. हे तिनं मुद्दाम अंगणात, काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या तिथं ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

चौथं कोटेशन कारध्याच्या एका ठेकेदाराचं होतं. मी भीतभीतच ते काकूंपुढे ठेवलं. त्यांनी नेहमीसारखं बोट ठेवून वाचलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मधे बोट एका ओळीवर थांबलं आणि पुढे सरकलं. मग चष्मा काढून त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "ठीक हाये. देऊन टाका याले काम."

मी थक्क झालो. "काहीच नाही का चूक, काकू?"

"आता चूक असनच पाह्यजे का?" त्या उठून आत गेल्या.

कुंदाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. कोटेशन पास झालं याचाच तिला संशय आला. मी मात्र बिनधास्त सही केली. काकूंच्या नजरेखालून गेलेल्या कागदात आपण काय शोधायचं?

काम झालं आणि चैत्रात आम्ही बिऱ्हाड हलवलं. काकूंनी हमालांवर नेहमीप्रमाणे पहारा केला, एकाला कोठीच्या डब्याचं झाकण उघडून दाखवायला लावलं. वास्तुशांतीलाही आल्या. पण तिथं एक गोष्ट विचित्र झाली. ज्या बाई परक्याच्या घरीही किल्लीनं भिंत वाजवून बघायच्या, त्यांनी आमच्या गाळ्यात कशालाच हात लावला नाही. पाटावर बसल्या, जेवल्या, सुमीला मांडीवर घेतलं, आणि रिक्षानं परत गेल्या. मला वाटलं, बाईंना वाईट वाटलं असेल.

महिना झाला नसेल. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ जेवणाचं ताट हातात घेऊनच वर आले. वरणात आमच्या न्हाणीतलं पाणी टपकलं होतं. गवंड्यानं येऊन फरशी उचकली तेव्हा खालचा जुना पाइप जागोजाग फुटलेला निघाला. मी तावातावानं कारध्याच्या ठेकेदाराला बोलावलं. त्यानं शांतपणे माझ्या सहीचा कागद उलगडला. "न्हाणीवर नवी फरशी लावणं, येवढंच लिवलं हाये, मास्तर. खालचा पाइप बदलवणं यात कोठी हाये? मी तर खोटं काहीच लिवलं नाही." खरंच त्यानं खोटं काही लिहिलं नव्हतं.

सगळी न्हाणी फोडायची वेळ आली. घरात लहान मूल आणि अंघोळीला जागा नाही. जायचं कुठं? कुंदा काही बोलायच्या आतच सुमी म्हणाली, "आजीकडे."

काकूंच्या पुढच्या दोन खोल्या रिकाम्याच होत्या. भाडेकरू येऊन गेले होते, पण एकाची बायको फार हसते आणि दुसरा फार वाकून नमस्कार करतो, या कारणांवरून परत पाठवले गेले होते. आम्ही पोचलो तेव्हा खोल्या सारवल्यासारख्या स्वच्छ पुसलेल्या होत्या, खाट टाकलेली होती आणि माठ भरलेला होता. आम्ही येतो आहोत हे आम्ही कळवलेलं नव्हतं. कुंदानं माठाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकू आणि कुंदा समोरासमोर सूप घेऊन बसल्या असताना तिनं सरळ विचारलं, "काकू, न्हाणीचा पाइप त्या कोटेशनात नव्हता, हे तुमाले दिसलं होतं ना?"

मी आत मुलांच्या वह्या तपासत होतो. माझा हात थांबला. काकू हो म्हणतील असं मला मुळीच वाटलं नव्हतं.

"दिसलं होतं," काकू म्हणाल्या. सूप पाखडणं चालूच होतं. "पहिल्यांदा वाचलं तेव्हाच दिसलं."

"मंग काहून नाही सांगितलं?"

"तू म्हणली होती ना, हे शेवटचं. मंग मी किती दिवस अडवली असती तुमाले? म्हणलं, जाऊ द्या." त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "छताचं असतं त बोलली असती, पोरी. भिंतीचं असतं तरी बोलली असती. पोरगी झोपते तेथी. न्हाणीनं कोणी मरत नाही. म्हणलं, न्हाणी गळन, त पंधरा-वीस दिवस तरी यान."

कुंदा आता काय बोलते या भीतीनं मी उठून दारात आलो. तिचा राग मला ठाऊक होता, आणि या वेळी तो रास्त होता. आमची नवी फरशी फुटली होती, खालच्यांशी वाकडं आलं होतं, मनस्ताप झाला होता तो वेगळाच. इतकी वर्षं जगाला पकडणारी बाई आज स्वतः पकडली गेली होती आणि मान खाली घालून चष्म्याशिवायच खडे वेचत होती. मला त्यांची फार दया आली, आणि दया येते आहे याची लाजही वाटली. कुंदा उठली, आतून त्यांचा चष्मा घेऊन आली आणि त्यांच्या हातात देऊन पुन्हा सूप घेऊन बसली.

काकूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या संशयाच्या गोष्टी आमच्या घरात अजून निघतात आणि सुमी तर त्यांची नक्कलही करते. पण कुंदा आपली म्हणून जी एक गोष्ट सांगते, ती संशयाची नाही.

वैशाखाचे दिवस होते. भर दुपारी गवंडी निरोप घेऊन आला. काम संपलं होतं, न्हाणी कोरडीठाक झाली होती, दुसऱ्या दिवशी राहायला गेलं तरी चालणार होतं. कुंदा दारात उभी होती. आतून काकूंनी विचारलं, "काय म्हणते गवंडी?"

"म्हणते, अजून ओलंच हाये," कुंदानं तिथूनच सांगितलं. "पंधरा दिवस तरी लागतीन."

गवंडी तोंड उघडं टाकून तिच्याकडे पाहत राहिला. बाहेर भंडाऱ्याचं ऊन असं होतं, की अंगणातलं धुणं दोरीवर टाकता टाकता वाळत होतं. त्या उन्हात पंधरा दिवस सिमेंट ओलं राहतं, असं कोणी ठेकेदारीणबाईंना सांगत होतं.

"लागतीन ना," काकू आतून म्हणाल्या. "घाई करू नोको म्हणा त्याले. चांगलं महिनाभर पाणी मारू दे."