कावीळ आणि तळमजल्यावरची खानावळ

संप मिटला, असं कुणी कधी जाहीर केलं नाही. काही जण कामावर परतले, पुष्कळांना गिरणीने परत घेतलंच नाही. लालबागला माझ्या दवाखान्यासमोरच्या चाळीत असाच एक साचेवाला, गिरणीत माग चालवणारा, घरी बसला होता, आणि त्याच्या बायकोने तळमजल्यावरच्या खोलीत खानावळ सुरू केली होती. मी एकटाच राहायचो. दुपारी तिच्याकडे जेवायचो. पाणी तेवढं दवाखान्यात उकळलेलं, बाटलीतून नेत असे.

बाई मालवणकडची. "डॉक्टरानू, आज बाटली हाडल्यात, उद्या ताट पण हाडशात," असं म्हणत ती पानात माशाचा आणखी एक तुकडा टाकायची. पंगत हसायची. आजार सोडून दुसऱ्या कशाबद्दल माझ्याशी बोलणारं दिवसभरात तेवढंच एक माणूस होतं.

त्या वर्षी पाऊस सरता सरता चाळीत कावीळ शिरली. पहिला आला तो तिच्याच पंगतीतला एक तरुण. अन्नाचा वास नको, लघवी गडद, डोळे पिवळे. मी नेहमीचं सांगितलं: विश्रांती घ्या, तेलकट नको, बाहेरचं खाणं बंद. कावीळ झालेल्या प्रत्येकाला मी हेच सांगत असे, त्यात कुणावर ठपका नव्हता. पण त्या चाळीत बाहेरचं म्हणजे एकच घर. बघता बघता अर्धी पंगत उठली.

रोगी वाढले तसं मला वेगळं दिसायला लागलं. वरच्या मजल्यावरची एक बाळंतीण, दोन शाळकरी बहिणी, यांनी तिच्याकडचा घासही खाल्ला नव्हता. नळ मात्र सगळ्यांचा एक. त्याचा गंजका पाइप संडासाच्या गटारातून गेलेला मी स्वतः वाकून पाहिला. शिवाय तिचं अन्न मी रोज खात होतो आणि ठणठणीत होतो. निदानाला आणखी काय हवं होतं?

येईल त्याला मी पाणी उकळायला सांगू लागलो. खानावळीबद्दल मात्र गप्प राहिलो. उलट तिथे जेवायला जाणंच सोडलं. डॉक्टर आपल्याला नको म्हणतो आणि स्वतः तिथेच जेवतो, असं बोललं जाईल, मग लोक चिंचपोकळीच्या कावीळ उतरवणाऱ्याकडे जातील, ही धास्ती. मी जात नाही हे चाळीने पाहिलं, आणि उरलेली पंगतही उठली.

एका दुपारी ती दवाखान्यात आली. बसली नाही.

"माझा जेवन खावन तुमका काय झाला काय?"

"नाही. दोष पाण्याचा आहे, तुमचा नाही."

"ता माका कित्याक सांगतास? त्यांका सांगा." मग म्हणाली, "बोलूक जमना नसात तर एक दिस येवन सगळ्यांच्या म्होरं जेवा. तितक्यान होतला."

"उद्या येतो," मी म्हणालो.

गेलो नाही. दवाखान्याचं दार लोटून दूध-पाव खाल्ला. तिने पान मांडून ठेवलं होतं, हे कंपाउंडरने संध्याकाळी सांगितलं. त्यानंतर माझं दुपारचं जेवण तसंच, दाराआड होत राहिलं.

दिवाळीआधी नवरा-बायको गावी निघून गेली. त्याच सुमारास नळाचा पाइप बदलला आणि कावीळ ओसरत गेली.

"बघितलंत ना डॉक्टर? बाई गेली, कावीळ गेली," तपासायला आलेले एक आजोबा म्हणाले. बाकावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या बोटांखाली त्यांची नाडी होती. मी ती मोजत राहिलो.

ती चाळ आता नाही. तिथून पांगलेल्यांपैकी कुणाच्या वाचनात हे आलं, तर घरच्यांना सांगावं: रोग नळाच्या पाण्यात होता. त्या बाईच्या हातचं अन्न स्वच्छ होतं, आणि डॉक्टरला ते माहीत होतं.