ट्रेडमिलवरचा चढ

परवा गोंदियाला जाऊन दुसऱ्यांदा टीएमटी केली. म्हणजे छातीला वायरी चिकटवून ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालायचं, आणि हृदयाला किती श्रम झेपतात ते मशीनवर बघायचं. पहिल्या वेळी मला रडू आलं होतं... म्हणून हे लिहायला बसले.

मी नागझिऱ्याच्या अभयारण्यात गाईड आहे. गोरेगाव तालुक्यातलं आमचं गाव, घरची धानाची शेती. या उन्हाळ्यात पर्यटकांना मचाण दाखवायला नेलं आणि निम्म्या शिडीवर माझी छाती जड झाली, डावा हात भरून आला.

तपासण्या झाल्या. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत थोडा अडथळा निघाला, अगदी सुरुवातीचा. ऑपरेशनची गरज नाही, गोळ्या घ्या आणि जपा, असं डॉक्टर मॅडमनी सांगितलं.

आमच्या घरी त्या 'जपा'चा अर्थ 'बसा' असा झाला. जाऊबाईंनी हातातली पाण्याने भरलेली गुंडी काढून घेतली. आमच्या ह्यांनी माझं अंगणाबाहेर जाणं बंद केलं. सगळं प्रेमापोटीच... पण मी खुर्चीत बसून इतरांची कामं बघत राहायची.

आणि बसून बसून दम जास्तच लागायला लागला. आंघोळीची बादली उचलली तरी धाप. ह्यांना वाटलं, दुखणं वाढलं. गाईडचं काम सोड म्हणाले. "जंगल कुठी जात नाही. जीव रायला पायजे."

भीती मलाही होती, खोटं कशाला बोलू. पण नुसत्या भीतीपायी काम सोडायचं नव्हतं. मॅडमना जाऊन विचारलं, मी नेमकं किती करू शकते? त्या म्हणाल्या, अंदाजाने नको, तपासूनच बघू.

ती पहिली टेस्ट. पट्टा सुरू होतो तेव्हा हळू असतो, जवळजवळ सपाट. मग थोड्या थोड्या वेळाने वेग वाढतो आणि चढही. दुसऱ्याच चढाला माझे पाय भरून आले, श्वास पुरेना... मीच थांबवा म्हणाले. जंगलात दिवसभर चालणारी बाई मी.

तिथल्याच पलंगावर पडल्या पडल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मॅडम रिपोर्ट बघत होत्या. मग स्टूल ओढून जवळ बसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या हृदयाने तक्रार केलेली नाही. पाय थकलेत. इतके दिवस बसून आहात ना, त्याचा हा दम आहे."

मी पुन्हा विचारून खात्री केली... त्यांनी नीट समजावलं. रोज चालायचं, हळूहळू वाढवायचं. श्वास जोरात चालला तरी बोलता आलं पाहिजे. छातीत दुखलं, जड वाटलं, चक्कर आली तर तिथेच थांबायचं. आणि पावसाळ्यात बंद असलेलं जंगल पर्यटकांसाठी उघडायच्या आधी पुन्हा टेस्ट.

घरी कुणाला पटलं नाही. जाऊबाई म्हणाल्या, काऊन जीवाशी खेळतेस? दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले, तर हे काही न बोलता चप्पल घालून मागे आले. मी पडले तर उचलायला कुणीतरी हवं, एवढाच त्यांचा हिशोब.

पावसाळा सुरू झाला. शेतांमधल्या पांदणीत चिखल, म्हणून डांबरी रस्त्याने कालव्यापर्यंत जायचो, हातात छत्री. सुरुवातीला कालवा येईपर्यंत मला बसत बसत जावं लागायचं. बांधांवरून धानाच्या रोवणीला आलेल्या बाया विचारायच्या, दवाखान्यात चालली का? मी हसून पुढे जायची. पिंडऱ्या ठणकायच्या, काही सकाळी अजिबात उठावंसं वाटायचं नाही... तरी उठायची. पुढे पुढे कालव्याच्या पुलाचा चढ न थांबता पार व्हायला लागला. आणि हे मागे नाही, बाजूला चालायला लागले.

मग परवाचा दिवस. तिथली सिस्टर मागच्या वेळचीच होती. "दीदी, रेलिंग कसके मत पकड़ना," म्हणाली. ह्यांनी मॅडमना विचारून आत उभं राहायची परवानगी घेतली.

पहिला चढ गेला. मागच्या वेळी जिथे थांबले होते, तो दुसराही गेला. तिसऱ्याला माझा श्वास मलाच ऐकू यायला लागला. मॅडमनी विचारलं, कसं वाटतंय? क्षणभर वाटलं, काहीच होत नाही म्हणून सांगावं... पण मग टेस्ट कशाला करायची?

"दम लागून राहिला. छातीत काही नाही."

त्यांनी स्क्रीन बघितली. म्हणाल्या, थांबायचं की वाढवू?

"वाढवा."

पट्टा वर उचलला गेला. मी समोरच्या भिंतीकडे बघत चालत राहिले. पाय खरंच संपले, तेव्हा स्वतःच हात वर केला. या वेळी रडू आलं नाही.

रिपोर्ट चांगला आला. काम करायला हरकत नाही, मॅडम म्हणाल्या. गोळ्या सोडायच्या नाहीत, शिडी सावकाश चढायची, त्रास झाला तर सोबतच्यांना लगेच सांगायचं. हे सगळं ऐकून घेऊन ह्यांनी विचारलं, "मंग इले पाठवू का जंगलात?"

मॅडम म्हणाल्या, "झेपेल का ते मी सांगितलं. जायचं की नाही, ते त्यांना विचारा."

उन्हाळ्यापासून माझं सगळं दुसऱ्यांनीच ठरवलं होतं, काय खायचं, कधी झोपायचं, कुठे जायचं नाही... मला कुणी विचारलंच नव्हतं. हे माझ्याकडे वळले. आवाज अगदी बारीक झाला होता.

"जाशीन का?"

"जाईन."

पुढच्या आठवड्यात जंगलाचं गेट उघडतंय. मॅडमचे आभार, आणि पावसापाण्यात सोबत चाललेल्या आमच्या ह्यांचेही. तुमच्या घरी कुणाला असं जपून बसवून ठेवलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा... आणि मग त्या माणसालाही विचारा.