चढतानाचा डावा हात

आमच्या अंगणातून पूर्वेला तोंड केलं की सह्याद्रीची उभी भिंत दिसायची. मुरबाडच्या पुढं, घाटाच्या पायथ्यापासून तीन कोसांवर आमचं गाव. थंडीत हवा इतकी स्वच्छ व्हायची की त्या भिंतीतल्या घळी मोजून घ्याव्यात. मी मोजायचे. त्यातल्या एका घळीच्या माथ्यापलीकडं माझं माहेर होतं. माझी मान तिकडं वळलेली दिसली की सासूबाई म्हणायच्या, "बघतंस काय गो सारखी? डोंगर काय चालून येनार हाय?"

मी घाटावरची, जुन्नरकडची. सोयरीक जुळली ती म्हसा गावच्या जत्रेत. माझा बाप बैल घ्यायला आला होता आणि जाताना बैलाबरोबर जावईही ठरवून गेला. लग्न लागलं ते सासरच्या मांडवात, त्यामुळं माहेरचीच माणसं मला घेऊन घाट उतरली. नंतर माहेरपणाला दोनदा जाऊन आले, तेही भाऊ न्यायला आला म्हणून. सासरचं कुणी वर आलं नव्हतं. ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही. यायला हवी होती, कारण आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, पंचक्रोशीत नाणेघाटाचे जाणकार म्हणून प्रसिद्ध होते.

कुणाला वर जायचं असलं की तो आधी आमच्या ओट्यावर यायचा. मामंजी तंबाखू मळत सांगायचे. पाणी कुठं मिळेल, सावली कुठं, कुठल्या चढाला डोक्यावरचं ओझं उतरवून हातात घ्यावं, घळीत शिरल्यावर वारा कसा अंगावर येतो. ऐकणाऱ्याला ओट्यावर बसल्या बसल्या दम लागावा. शेजारचे काका जरा खवचट होते. ते विचारायचे, "किती येळा गेलास रे तू वर?" मामंजी म्हणायचे, "मोजून कोन जातं?" आणि तंबाखू तोंडात टाकायचे.

लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळेना, कापड मिळेना, लोक वैतागलेले. त्या वर्षी भात मात्र झकास पिकलं. झोडणी झाली, कणग्या भरल्या, आणि काकांच्याच डोक्यात आलं की पौषात सगळ्यांनी मिळून दोन गाड्या जुंपून पायथ्यापर्यंत जावं, तिथून घळीतून घाट चढावा, वर दोन दिवस राहून यावं. नुसतं बघायला जाणं ही आमच्याकडं चैन समजत, म्हणून प्रत्येकानं आपापलं कारण शोधलं. काकांना घोंगडी आणायची होती. सासूबाईंना लाल मिरची. आमच्या ह्यांना कारण सापडेना, तेव्हा ते म्हणाले, "हिला म्हायेरी सोडायला नको?" मला हसू आवरेना.

ह्यांचा दुसराही एक बेत होता. एकदा शहापूरला गेले असताना त्यांनी आगगाडी जवळून पाहिली होती आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नव्हती. गाड्या शहापुरास सोडाव्यात, आगगाडीत बसावं, कसाऱ्याचा घाट बसल्या जागी चढावा. काकांनी ते दोन वाक्यांत निकालात काढलं. "आगगाडीतून घळ दिसल का? ती तर बोगद्यात शिरतं." मग सगळे मामंजींकडं वळले आणि काका म्हणाले, "वाटाड्या तू. पुढं तू चालायचा."

मामंजी 'बरं' म्हणाले. त्या 'बरं'मध्ये काहीतरी कमी होतं, पण मला वाटलं, थंडीनं घसा बसला असेल.

त्या दिवसापासून आमच्या खळ्यावर रोज संध्याकाळी बैठक. सारवलेल्या खळ्यावर मामंजींनी घाट मांडला. कोंड्याच्या दोन रेघा म्हणजे घळीच्या भिंती, मधली पेंढ्याची काडी म्हणजे वाट, दगड म्हणजे टेकाडं. पायथ्याच्या रानात एक मोठा उंबर आहे. तिथं वाटेला फाटा फुटतो. उंबराच्या एका अंगानं वाट घाटात जाते आणि दुसऱ्या अंगानं लाकूडतोड्यांची, ती जाऊन कड्यालाच धडकते. उंबर म्हणून मामंजींनी एक काळा दगड ठेवला. घरात वेगळीच बैठक चालायची, ती शिदोरीची. तांदळाची भाकरी दुसऱ्या दिवशी वातड होते, म्हणून पोहे न्यावेत हे माझं म्हणणं. सासूबाईंना तांदळाचं अख्खं गाठोडंच न्यायचं होतं. "वर बाजरी खात्यात मानसं. आमी काय कोंबड्या हाव?" मी म्हटलं, बाजरी खाऊनच एवढी वाढले. त्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सुकटीचं गाडगंही गाठोड्यात घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळं झाडताना मी तो मांडलेला घाट पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. उंबर वाटेच्या उजव्या अंगाला! असं गेलं तर सगळी वरात लाकूडतोड्यांच्या वाटेनं कड्याखाली जाऊन उभी राहणार. चूक दिसली की माझा हात गप्प बसत नाही, आजही बसत नाही. मी केरसुणीनं तो काळा दगड ढकलला आणि काडीच्या डाव्या बाजूला नेऊन ठेवला.

थोड्या वेळानं मामंजी आले. दगडाकडं पाहिलं, केरसुणीच्या फराट्याकडं पाहिलं. आमच्याकडं सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. सासऱ्याला सुनेशी बोलायचं असलं तर तोही भलत्याच कुणाला तरी बोलायचा आणि सुनेनं ते ऐकून घ्यायचं. मामंजी गोठ्याच्या मेढीला बांधलेल्या बैलापाशी गेले.

"काय रे पांढऱ्या," ते बैलाला म्हणाले, "उंबर काय रातीत चालत गेला?"

मी पदर पुढं ओढला आणि कोंबड्यांना कण्या टाकत त्यांना म्हटलं, "उंबर आहे तिथंच आहे म्हणावं. माणसं त्याला उलटा ठेवतात."

बैल रवंथ करत राहिला. मामंजींनी त्याच्या पाठीवरची माशी हाकलली. मग त्यांनी त्याला हळूच विचारलं, "पर येनारी-जानारी मानसं तर उजवा हात म्हनत्यात ना रे?"

"ती माणसं उतरून आलेली असतात," मी कोंबड्यांना सांगितलं. "उतरताना उजवा हात. चढताना डावा."

बोलले आणि माझ्या लक्षात आलं. जो माणूस एकदा, फक्त एकदा, तो घाट चढला असेल त्याला हे सांगावं लागणार नाही. मी रीत विसरून सरळ त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी बैलाच्या मानेवर हात ठेवला होता आणि मान खाली घातली होती.

आमची विहीर वाटेवर होती. घाट उतरून आलेला प्रत्येक वाटसरू तिथं पाणी प्यायला थांबायचा, आणि मामंजी त्याला तंबाखू देऊन सगळा घाट वदवून घ्यायचे. तीस-चाळीस वर्षं असं चाललेलं. सगळं खरं, फक्त सगळं उतरणाऱ्याच्या तोंडचं, म्हणून उलटं. मला आधी हसू आलं, मग राग आला. एवढी वर्षं हा माणूस जगाला वाट सांगत बसला! मग आठवलं, आपण वर गेलो असं ते कधी म्हणालेच नव्हते. लोकच तसं धरून चालले आणि त्यांनी ते मोडलं नाही. खोटं बोलणाऱ्यातले ते नव्हते. पण आता गावापुढं चालायचं होतं. वाट चुकली तर काकांनी त्यांना उभ्या जन्मात सोडलं नसतं, आणि ओट्यावर पुन्हा कुणी काही विचारायला आलं नसतं. त्या माणसाजवळ शेत थोडं, बैल एक स्वतःचा नि एक सावडीचा, शेजाऱ्याशी आळीपाळीनं वापरायचा. त्याचं जे काही मोठेपण होतं ते या वाटेत होतं.

मग रोज सकाळी आमची शाळा भरू लागली. ते बैलाला विचारायचे, मी कोंबड्यांना सांगायचे. "पांढऱ्या, घळीत शिरल्यावर भिंत कंच्या अंगानं धरायची?" "जिथं पायऱ्या झिजल्यात तिथं मधून चालू नये गं बायांनो, कडेनं चालावं." सासूबाईंनी एकदा मला विचारलंही, "कोंबड्यांशी येवढं काय बोलतंस गो?" मी म्हटलं, अंडी देत नाहीत म्हणून समजावते.

पौषातल्या एका दिवशी आम्ही निघालो. पायथ्याच्या गावात मुक्काम केला आणि उजाडल्यावर गाड्या तिथंच सोडून रानात शिरलो. मामंजी काठी घेऊन पुढं, मागं पुरुष, मग आम्ही बायका. उंबर आला. मामंजी थांबले. त्यांनी उंबराकडं पाहिलं, मग स्वतःच्या दोन्ही हातांकडं पाहिलं, आणि उंबर डावीकडं ठेवून खुशाल पुढं चालू लागले. मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. पुढं घळ लागली. दोन्हीकडं काळे कडे, वर आभाळाची एक पट्टी, आणि वारा असा की पदर सावरू की पाय. सासूबाई प्रत्येक पायरीला नवी शिवी देत होत्या आणि तरी सगळ्यांच्या पुढं जात होत्या. कातळातल्या टाक्याचं गार पाणी प्यायलो. काका म्हणाले, "जसं सांगितलंस तसंच हाय रे सगळं." मामंजींनी टाक्यात पुन्हा ओंजळ बुडवली.

माथ्यावर आलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. सगळे कड्याच्या टोकाकडं धावले. खाली आमचा सगळा मुलूख पसरला होता. कापलेली खाचरं, रानाचे पट्टे, नद्या. जन्मभर खालून वर पाहणारी माणसं पहिल्यांदा वरून खाली पाहत होती.

काकांनी मामंजींच्या खांद्यावर हात टाकला. "आता सांग. आपलं गाव कंचं?"

आमच्या शाळेत हा धडा झाला नव्हता. माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मामंजी पाहत राहिले. वरून सगळी गावं सारखीच दिसतात. त्यांनी कुठंही बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं, खोटं म्हणायला तिथं मी सोडून कुणी नव्हतं, आणि मी तर बोलणार नव्हते. मी मनात म्हणत होते, दाखवा हो, कुठंही दाखवा.

मामंजी वळले. बैल खाली राहिला होता, कोंबड्या घरी. ते सगळ्यांदेखत माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

"पोरी, आपलं घर कुठं हाय गो? मी हितं कधी आलोच नाय. आज पैल्यांदाच."

काका म्हणाले, "मग आमाला आनलंस कसं रे?"

"मी कुठं आनलं? हिनं आनलं," मामंजी म्हणाले. त्यांचा आवाज जराही पडला नव्हता.

माझे डोळे भरून आले, आणि मला त्याचा राग आला, कारण त्यामुळं खालचं काहीच नीट दिसेना. डोळे पुसले. त्यांच्या शेजारी उभी राहून मी बोट दाखवलं आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले. "मामंजी, ती नदी बघा. तिचं दुसरं वळण. त्याच्या अलीकडं तळं चमकतंय. तळ्याच्या काठची ती चार झाडं, त्यातल्या टोकाच्या आंब्याखाली आपण."

ते वाकून पाहत राहिले. काका आणि बाकीचे त्यांच्या मागं येऊन उभे राहिले आणि माझ्या बोटाच्या रोखानं पाहू लागले.

"एवढंसं?" मामंजी म्हणाले. मग काठी कातळावर टेकवून ते खाली बसले आणि मलाही शेजारी बसायची खूण केली. "नदीपासून परत सांग गो. सावकाश सांग."