टेकरीवरची कोवळी पत्री

आमच्या घरात माझी ख्याती दोन गोष्टींसाठी आहे. सभेत पहिला हात वर करणारा मी, आणि घरी येऊन पहिला आडवा होणाराही मीच. टेकरीवरच्या झाडांचं प्रकरण या दोन्हींतून सुरू झालं.

टेकरी म्हणजे आमच्या देवासची मातेची मोठी टेकरी नव्हे. आमच्या कॉलनीमागे एक उघडाबोडका उंचवटा आहे, त्यालाही आम्ही टेकरीच म्हणतो. मागच्या वर्षी पावसाळ्याआधी मराठी समाजाच्या हॉलमध्ये बैठक होती. विषय होता गणेशोत्सवातल्या खुर्च्यांचा. मी मात्र उभा राहून आजची मुलं मोबाईलमधून डोकं वर काढत नाहीत, त्यांना माती दाखवली पाहिजे, झाडं लावायला लावली पाहिजेत, यावर दहा मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतून एक काका म्हणाले, "भिया, मग तुम्हीच दाखवा ना!" त्याला माझ्यापेक्षा जास्त टाळ्या पडल्या.

पहिल्या रविवारी दहा-बारा मुलंमुली जमली. नववीपासून अकरावीपर्यंतची, त्यात माझी मुलगीही. मी 'निसर्गसंवर्धन' या शब्दानं सुरुवात केली. हिंदी शाळेत शिकलेल्या एका मुलीनं हळूच विचारलं, "अंकल, संवर्धन मतलब?" मी उत्तराची जुळवाजुळव करतोय तोवर माझी मुलगी म्हणाली, "मतलब पानी डालना." माझं भाषण तिथंच संपलं.

मुलं कशासाठी येत होती ते मला ठाऊक होतं. पोहे-जिलबी आणि शेवटी मिळणारं प्रमाणपत्र. मी कशासाठी जात होतो ते मुलांना ठाऊक होतं. फोटोसाठी. तीन रविवार मी चढलो. चौथ्या रविवारी खाली स्कूटरपाशी पोह्यांची पुडकी धरून उभा राहिलो, त्याला व्यवस्था पाहणं म्हणतात. थंडीत मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही झोपा, आम्ही जाऊन येतो." एवढा आज्ञाधारकपणा मी आयुष्यात कधी दाखवला नव्हता.

पण मुलं थांबली नाहीत, हेच मला समजेना. एप्रिल-मेमध्ये माळव्यातलं ऊन डोक्यावर घेऊन ती तेलाच्या रिकाम्या कॅनमधून पाणी वर नेत होती. शाळेसाठी जिला तीन हाका माराव्या लागतात ती माझी मुलगी पावणेसहाला आपली आपण उठायची. रात्री जेवताना सांगायची, "बाबा, मागच्या उतारावर नवा पॅच केलाय. बेल, बकुळ, शमी, बोर, डाळिंब. अठ्ठावीस जगलीत." मी "हं" म्हणायचो. तेव्हा मी मोबाईलमध्ये असायचो.

मागच्या उताराच्या पायथ्याशी पत्र्याची एक खोली आहे. तिथं एक म्हातारी राहते, सहा बकऱ्या घेऊन. मुलं तिला माय म्हणतात. सुरुवातीला त्यांची लढाईच होती, कारण लावलेली पहिली रांग बकऱ्यांनी दोन दिवसांत संपवली होती. मग मुलगी जाऊन मायच्या ओट्यावर बसली. पांढरा चुना लावलेला एक मोठा दगड ठरला. बकऱ्या दगडाच्या खाली, झाडं दगडाच्या वर. मायनंच बाभळीच्या काट्या तोडून दिल्या, रोपांभोवती लावायला. तिला दुसरी जागाही नव्हती. तिन्ही बाजूंनी प्लॉट पडले होते, भिंती उठल्या होत्या. तिचं घर त्या सहा बकऱ्यांवर चालत होतं आणि बकऱ्या त्या एका उतारावर.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणजे, माझ्यासमोर बोललं गेलं होतं.

या भाद्रपदात, हरतालिकेच्या आदल्या दिवशी, माझी थोरली बहीण धारहून आली. दरवर्षी येते. पिशवीत मांडूची इमली, म्हणजे गोरखचिंच, आणि तोंडात सूचना. हरतालिकेला वाळूची पिंडी करून तिच्यावर सोळा प्रकारची पानं वाहतात, ती पत्री. ताईच्या मते ती नीट मिळाली नाही तर केलेला उपास वाया. बाजारातून आणलेली जुडी तिनं दोन बोटांत धरून उजेडात पाहिली.

"हे काय रे?"

"पत्री."

"हे गाजरगवत आहे. महादेवाला गाजरगवत वाहायचं?"

आमची ही आतून म्हणाली, "वन्सं, आजकाल असंच मिळतं."

तिथं मी हात वर केला. "उद्या पहाटे टेकरीवरून खरी पत्री आणतो. कोवळी!" शिवाय फोन करून शेजारच्या तीन घरांनाही सांगून टाकलं की पत्री आणू नका, आमच्याकडून येईल.

पहाटे छत्री आणि पिशवी घेऊन निघालो. वर्षभरात टेकरी चढलो नव्हतो, म्हणून कमी चढाच्या मागच्या बाजूनं गेलो. गवत कमरेएवढं. आणि मग देव पावला. एकाच जागी बेल, पलीकडे बकुळ, त्याच्या पुढे बोर, डाळिंब! सगळं गुडघ्याएवढं, लुसलुशीत. ओळीनं. हो, ओळीनं उभं होतं, आणि तरी मला वाटलं ते एवढंच, की निसर्गाची काय शिस्त असते. बाभळीच्या काट्या आड येत होत्या. म्हटलं रान आहे, काटे असायचेच. मनगट ओरबाडून घेत मी त्या बाजूला सारल्या आणि एकेका रोपाचा शेंडा नखानं खुडत गेलो. चार घरांची पत्री. पिशवी भरली.

मी एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. चिठ्ठीशिवाय माझ्याकडून एक बोल्ट बाहेर जात नाही.

पूजा छान झाली. ताई पोथी वाचत होती, ही आणि मुलगी पानं वाहत होत्या. "बकुळपत्रं समर्पयामि." मुलीनं पान उचललं, थांबून पाहिलं. "आत्या, सेम असंच बकुळ आम्ही लावलंय टेकरीवर. किती कोवळं आहे ना?" ताईनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मीही माझ्याकडे कौतुकानंच पाहत होतो.

दुपारी मुलगी टेकरीवर गेली आणि अर्ध्या तासात परत आली. उपाशी, चिखलात, श्वास लागलेला.

"बाबा, सगळे शेंडे गेले! अठ्ठावीसच्या अठ्ठावीस! कोई नहीं बचा."

"काय गेलं?" मी विचारलं आणि ओरबाडलेलं मनगट पाठीमागे घेतलं.

"मागचा पॅच. काट्या हटवल्यात. बकऱ्याच असणार. मायनं प्रॉमिस केलं होतं, बाबा!"

मी फुलबाहीचा शर्ट घालून आलो. भाद्रपदातल्या उकाड्यात. ही म्हणाली, "अहो, काय झालं?" म्हटलं, "थंडी वाजतेय."

दुसऱ्या दिवशी गणपती बसले. माझं लक्ष आरतीत नव्हतं. टाळ हातात घेऊन मी भलत्याच ठेक्यावर वाजवत होतो. मुलांची हॉलमागे खलबतं चालू होती, ती कानांवर येत होती. वार्ड ऑफिसात अर्ज द्यायचा ठरलं होतं. मागच्या उताराला तार घालून बकऱ्यांना बंदी करा, असा. रविवारी सगळ्यांच्या सह्या, सोमवारी अर्ज. एक मुलगा म्हणत होता, "माय को पूछा मैंने. बोलती है, 'म्हारी बकरी असी नी खाय. यो तो नख से तोड्यो हे.' अब नख किसके, भिया?"

मी दोन्ही हात खिशात घातले.

बकरी खाते ती दांड्यासकट, ओरबाडून, पुढचा विचार न करता. एवढं नेमकं, फक्त शेंडे, तेही सगळ्यांचे सारखे! म्हातारीला बरोबर कळलं होतं. मुलांनी ऐकलं नाही, कारण नखवाला माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता. म्हणजे होता, पण तो प्रसादाच्या रांगेची व्यवस्था पाहत होता.

दोन रात्री मी घरात येरझाऱ्या घातल्या. मनातल्या मनात खुलासे तयार केले. एकात धर्म होता, एकात ताई होती, एकात तर गाजरगवताला जबाबदार धरलं होतं. प्रत्येक खुलासा शेवटी मुलीच्या चेहऱ्यापाशी येऊन अडायचा. ऋषिपंचमीच्या सकाळी राहवेना, तेव्हा मायकडे गेलो. का गेलो ते माहीत नाही. कदाचित तिच्याकडून ऐकायचं होतं की तार घातली तरी चालेल, दुसरीकडे चारीन.

ती बकऱ्यांना बांधून बसली होती. सहाच्या सहा दोरीला, आणि पुढ्यात सुकलेला पाला. मला पाहून तिनं खाटेवरची गोधडी सारली.

"आओ सा'ब. पूजा हुई गी अच्छी?"

मी उभाच राहिलो.

"छतरी लेके गिया था नी सबेरे," ती म्हणाली. "म्हने देख्यो थो. थैली भरके."

"तो बच्चों को बताया क्यों नहीं?" माझा आवाज चिरकला.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझं वय मीच विसरलो होतो. "थाकी छोरी हे वां," ती म्हणाली. तिथं तुमची मुलगी आहे ना. सगळ्या पोरांत तिची मान खाली गेली असती. मग बकरीच्या तोंडाशी पाला सारत म्हणाली, "बकरी को कई, बकरी को तो सब बोले." बकरीचं काय, तिला तर सगळेच बोल लावतात.

मी बसलो नाही. बसताच आलं नसतं.

रविवारी मुलं दगडापाशी जमली. अर्ज प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये होता, हिंदीत, सुवाच्य. तिसरी सही चालू असताना मी वर पोचलो. वर्षभरात पहिल्यांदा समोरच्या बाजूनं, धापा टाकत.

"थांबा," मी म्हणालो. "शेंडे बकऱ्यांनी नाही खाल्ले. मी खुडले. हरतालिकेच्या पत्रीसाठी."

कुणालाच कळेना. मग मी बाही वर केली आणि ओरखडे दाखवले.

"अंकल, आप?" एक मुलगा हसला. मग दुसरा. "ये तो अपने संस्थापक हैं यार!" सगळे हसायला लागले. मला ते बरंच वाटलं. माझी मुलगी मात्र हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती, आणि ती काय आठवतेय ते मला कळत होतं. पाटावर बसून तिनं स्वतःच्या हातानं वाहिलेलं बकुळीचं पान.

"तीन दिवस," ती म्हणाली. "मी मायशी तीन दिवस बोलले नाही, बाबा. तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"बकऱ्या बांधून ठेवल्यात तिनं."

"पाहून आलोय काल."

"काल?"

तिनं फोल्डर ओढून घेतलं, पेन मागितलं आणि अर्जात जिथं जिथं 'बकरियाँ' होतं तिथं रेघ मारली. "इधर क्या लिखूँ?" तिनं बाकीच्यांना विचारलं. कुणीतरी म्हणालं, "पूजा वाले अंकल लोग." तिनं तेच लिहिलं. तो अर्ज वार्ड ऑफिसात गेला नाही. समाजाच्या हॉलमध्ये, खुर्च्यांच्या यादीशेजारी लागला.

मग मुलं खाली मायकडे गेली. मी मागून. मुलगी तिच्यापुढे उकिडवी बसली, काहीतरी बोलली, ते मला ऐकू आलं नाही. मायनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं पहिल्या बकरीची दोरी सोडली. बाकीच्या पाच मुलांनी सोडल्या. सहाही जणी सरळ उतारावर गेल्या आणि चुन्याच्या दगडापाशी थांबल्या. निदान तेव्हा तरी थांबल्या.

शिक्षा मुलांनी ठरवली. अठ्ठावीसही रोपांना पुन्हा फूट येईपर्यंत काट्यांचं कुंपण मी नीट करायचं, तण मी काढायचं, आणि पावसानं दडी मारली की पाणी मी वर न्यायचं. यंदा पावसानं नेमकी दडी मारली.

धारला परत गेलेल्या ताईला फोनवर सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ दे, देवाचं काम होतं. ती म्हणाली, "शेंडा खुडायला कोणी सांगितलं होतं तुला? पान म्हणजे पान. खालचं, जून, एक. झाडाला विचारून. आईनं तुला काहीच शिकवलं नाही का रे?"

आता पावणेसहाला जाग येते. पुन्हा झोप लागत नाही. दोन्ही हातांत कॅन घेऊन चढतो, मध्ये तीनदा थांबतो, आणि प्रत्येक वेळी माय खालून ओरडते, "सा'ब, बैठ जाओ!" मी बसत नाही. तेवीस रोपांना बाजूनं फूट आली आहे, एका शेंड्याच्या जागी दोन-दोन. पाच अजून तशीच आहेत, त्यात कोपऱ्यातली ती बकुळ. मुलगी माझ्यापुढे चालते. बोलते फक्त कामापुरतं.

"बाबा," आज ती मागे न वळता म्हणाली, "ती कोपऱ्यातली राहिली."

मी कॅन उचलला.