'नाही' न म्हणणारं दुकान

दुकानात धूळ आणि किस्से, दोन्ही रोज झटकले तरी साचतातच. धूळ निदान फडक्याने जाते. किस्से मात्र मी घरी घेऊन जाते आणि नवरा ताटावर बसला की त्याच्या कानात ओतते. तो म्हणतो, "स्मिता, तू थापा मारतेस." म्हणून म्हटलं, एकदा सगळ्यांसमोरच सांगून टाकावं.

आगाशीच्या बाजारात नानांचं दुकान आहे. कुकर, मिक्सर, पंखे, वायर, बल्ब, सगळं. मी तिथे काउंटरवर असते. मुलगा कॉलेजला गेला, विरारच्या फ्लॅटमध्ये एकटीने भिंती बघायचा कंटाळा आला, म्हणून लागले.

आपल्याकडे डब्यातले तांदूळ संपले तरी 'संपले' म्हणत नाहीत, 'वाढले' म्हणतात. दुकानसुद्धा बंद करत नाहीत, वाढवतात. नानांनी हे जरा जास्तच मनावर घेतलंय. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "पोरी, गिऱ्हाईक काहीही मागू दे. 'नाही' म्हणायचं नाही. ते नसेल तर त्याचं काम भागेल असं काहीतरी हातात ठेवायचं."

मागच्या वर्षी नानांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी घरी आराम करायला सांगितलं. नाना आठवडा व्हायच्या आधी दुकानात! मुलगा नितीन, रोज मुंबईला कॉम्प्युटर कंपनीत जातो, तो खूप भांडला. काकी, म्हणजे नानांची बायको, जेवायला घरी या म्हणून फोन करून दमल्या. शेवटी नानांनी जाहीर केलं, "ज्या दिवशी गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणावं लागेल, त्या दिवशी दुकान नितीनच्या हवाली करून घरी बसेन. तोवर कोणी बोलायचं नाही."

मला वाटलं, चला, आठवडाभरात नाना घरी. कारण लोक काय काय मागतात, तुम्हाला कल्पना नाही!

*

पहिली आली ती विरारच्या नव्या टॉवरमधली एक मॅडम. कानात हेडफोन तसाच.

"शिट्या स्वतः मोजणारा कुकर आहे का? मी मीटिंगमध्ये असते, कॅमेरा ऑन असतो. तिसरी झाली की चौथी, कळतच नाही. रोज डाळीचं पिठलं होतं."

मी मनात म्हटलं, संपलं. नाना शांत. खणातून त्यांनी जप मोजायचं ते बोटात घालायचं छोटं मशीन काढलं. "हे घ्या. शिटी झाली की बटण दाबा. कॅमेऱ्यात हात दिसत नाही."

मॅडम खूश. पण आठ-दहा दिवसांनी आल्या त्या चेहरा पाडून.

"काय झालं? चालत नाही?"

"चालतंय हो! पण सासूबाईंनी जपाला घेतलं. काल त्यांच्या जपात माझ्या राजम्याच्या शिट्या मिसळल्या. आता त्या म्हणतात, जप बाटला, पहिल्यापासून करणार. आणि तो होईपर्यंत कुकर लावायचा नाही!"

नानांनी दुसरं मशीन दिलं. रंग वेगळा.

*

गिरीजचा पास्कल हा नानांचा जुना दोस्त. केळीची वाडी, भोवती माड. त्याने नवी गाडी घेतली आणि लावायला जागा कुठे? माडाखाली.

"नाना, माझी झोप उडालीय. नारळ पडायच्या आधी वाजेल अशी बेल दे."

मी हसायला लागले. नाना मात्र गंभीर. "आहे. उद्या सकाळी घरी पाठवतो."

मी थक्क! असली बेल आणणार कुठून? दुसऱ्या दिवशी कळलं, नानांनी नारळ उतरवणारा गडी पाठवला. नारळच नसले तर पडणार काय? मी म्हटलं, वा नाना!

तासाभरात पास्कल स्कूटरवरून दुकानात. घामाघूम.

"नाना, तुझी बेल वाजली!"

"म्हणजे?"

"गाडी बाजूला घ्यायची राहिली. पहिलाच नारळ बॉनेटवर!"

नाना इतके हसले, इतके हसले, की स्टुलावर बसावं लागलं. आणि बसले ते उठेनात. कपाळावर घाम, हात छातीशी. पास्कलचा चेहरा पांढरा पडला, गाडी-बिडी विसरला तो. मी पाणी दिलं, पंखा फुल केला. थोड्या वेळाने नाना म्हणाले, "काही नाही, हसू अडकलं." पण त्या दिवसापासून मी दर दिवशी देवाला सांगायला लागले, आज कोणीतरी असं काही मागू दे, की नाना हरतील. नाना हरले तर नितीन दुकान विकेल आणि माझी नोकरीसुद्धा जाईल, हे मला कळत होतं. तरी सांगत होते.

*

चांदीप गावाहून एक मावशी येतात, वाल आणि भाजी विकायला. टोपली रिकामी झाली की बसच्या आधी दुकानात डोकावतात. एकदा म्हणाल्या, "नाना, शॉक देनारा चार्जर हाय का?"

मी तर उडालेच! लोक शॉक लागतो म्हणून तक्रार घेऊन येतात, ही बाई शॉक मागतेय!

"जास्त नको. बारीकसा. पोरगी मोबाईल हातातून ठेवीतच नाय. पानी भरायला सांगितलं तरी एका हाताने भरते. जरा चटका बसला की ठेवील."

"मावशी, पोरगी तुमचीच ना?" नानांनी विचारलं.

"म्हनून तर बारीक म्हटलं!"

नानांनी शोधून शोधून सगळ्यात आखूड वायरचा चार्जर काढला. वीतभर वायर. "हा चुलीजवळच्या बोर्डात लावा. दुसरा घरात ठेवू नका. मोबाईल बघायचा तर तिथेच उभं राहावं लागेल. उभ्या उभ्या भाकरी शिकेल."

पुढच्या खेपेला मावशी आल्या. मी उत्सुकतेने विचारलं, "काय मावशी, शिकली भाकरी?"

"शिकली ना! पन आता मी बी तिच्या बाजूला उभी राहून बघते. इतकं रडवतात त्या सिरियलीत! काल सगळ्या भाकऱ्या करपल्या. नवरा म्हनतो, लांब वायर आन!"

*

मिक्सर घ्यायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, आवाज कमी करतो ना? आवाज न करणारा मिक्सर ज्याला सापडेल, त्याचा पुतळा उभारतील वसई तालुक्यातल्या बायका.

म्हणून त्या दिवशी मी हबकले. एक निवृत्त शिक्षिका आल्या. चष्मा, कडक इस्त्रीची साडी. मी एकेक मिक्सर लावून दाखवला. त्या प्रत्येक वेळी मान हलवत.

"हा नको. आवाज कमी आहे."

मला वाटलं, ऐकू कमी येत असेल. मी मोठ्याने सांगितलं, "बाई, हा सगळ्यात शांत आहे!"

"ऐकलं मी. शांतच नकोय मला. घरात आता मी एकटीच. मुलं परदेशात. मिक्सर लागला की घरात कोणीतरी आहे असं वाटतं."

असलं मागणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मग नाना उठले आणि दुकानाच्या मागून आमचा जुना मिक्सर घेऊन आले. आम्ही चहाचा मसाला करायचो तो. लावला की समोरचा मिठाईवाला कानावर हात ठेवायचा. बाईंनी तो ऐकला आणि हसल्या. "हा द्या."

आठवडा गेला नाही तोच त्यांच्या खालच्या मजल्यावरचा तरुण आला. वैतागलेला. "वरून येणारा आवाज अडवेल असं काही आहे का? छताला लावायचं? दुपारी नाइट शिफ्टची झोप होत नाही हो!"

"आहे," नाना म्हणाले. "वर जा, बेल वाजवा आणि थोडी चटणी मागा."

तो तणतणत गेला. नंतर मला बाजारात भेटला तेव्हा त्याच्या हातात दोन नारळ होते. म्हणे बाईंनी आणायला सांगितलेत, उद्या ओल्या खोबऱ्याची आहे!

*

नितीन हे सगळं ऐकत होता. त्याने ठरवलं, आता आपणच असं काही मागायला लावू की नानांची बोलती बंद. त्याने ऑफिसातला एक मित्र पाठवला. चकाचक शर्ट, गोड बोलणं.

"नाना, माझं हल्ली असं होतं, की मी खोलीत जातो आणि कशाला आलो तेच विसरतो. तर आपण इथे कशाला आलो, हे सांगणारं एखादं मशीन आहे का?"

याला जपाचं मशीन चालणार नव्हतं, आखूड वायर चालणार नव्हती. नानांनी त्याला खालपासून वरपर्यंत नीट बघितलं.

"मशीन कशाला? मीच सांगतो. तुम्ही इथे आलात, कारण तुम्हाला नितीनने पाठवलंय."

तो पोरगा पांढराफटक!

"गळ्यातला ऑफिसच्या ओळखपत्राचा पट्टा काढायला विसरलात," नाना म्हणाले. "तसलाच नितीन रोज घालून जातो. बसा, चहा घ्या."

नितीनने हात टेकले. त्या दिवशी घरी जेवताना त्यानेच हा किस्सा सगळ्यांना सांगितला. सगळे पोट धरून हसले म्हणे. काकी मात्र हसल्या नाहीत. त्या नानांच्या सुजलेल्या पायांकडे बघत होत्या.

*

आता शेवटचा. हा सांगताना अजून माझ्या अंगावर काटा येतो.

सकाळी दुकान उघडलं तोच लतावहिनी आल्या. लतावहिनी म्हणजे काकींच्या शेजारच्या वाडीतल्या. "लाल झिरोचे बल्ब द्या."

"किती?"

"आहेत तेवढे."

मी खोकं रिकामं केलं. "काय वहिनी, लग्नबिग्न आहे का घरी?"

"छे! असेच," म्हणाल्या आणि पिशवी घेऊन भराभर गेल्या. नाना तेव्हा मागे माल लावत होते. मी त्यांना सांगितलंही नाही. झिरोचा बल्ब, त्यात सांगायचं काय?

दुपारी दुकानात बरीच गर्दी होती. पास्कल होता, त्या टॉवरच्या मॅडम होत्या. बाहेर रिक्षा थांबली आणि उतरल्या कोण? काकी! मी त्यांना दुकानाची पायरी चढताना कधी पाहिलंच नव्हतं. त्या गिऱ्हाइकांमध्ये रांगेत उभ्या राहिल्या. आपला नंबर येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

नानांना गंमत वाटली. गिऱ्हाइकाला विचारतात तसंच त्यांनी विचारलं, "या बाई. काय देऊ?"

"लाल झिरोचा बल्ब. देव्हाऱ्यातला गेलाय."

"एवढंच? एवढ्यासाठी रिक्षा करून आलीस?" नाना हसत वळले आणि फळीवरचं खोकं काढलं.

मला सकाळच्या लतावहिनी आठवल्या.

खोकं रिकामं. नानांनी शेजारचं काढलं. त्यात हिरवे. त्याच्या पलीकडचं काढलं. त्यात निळे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सकाळी..." आणि काकींनी माझ्याकडे असं बघितलं, की मी घाईघाईने बिलबुक चाळायला लागले.

"हिरवा चालेल?" नानांनी विचारलं.

"देवाला लालच लागतो. इतकी वर्षं लालच आहे."

"पांढऱ्याला लाल कागद लावून देऊ?"

"कागद पेटला म्हणजे?"

"संध्याकाळपर्यंत विरारहून मागवतो ना."

"मी आत्ता मागतेय. आहे की नाही, तेवढं सांगा."

पास्कलने हातातला पाना हळूच खाली ठेवला. नाना रिकाम्या खोक्यात बघत राहिले, जणू तळाशी एखादा चिकटून बसला असेल. मग त्यांनी खोकं बंद केलं.

"नाही," ते म्हणाले.

इतक्या हळू, की मला ऐकू आलं ते ओठांवरूनच.

काकींनी काउंटरवरच्या किल्ल्या उचलून माझ्या हातात दिल्या. "स्मिता, नितीन शनिवारी येऊन तुझ्याशी बोलेल. दुकान चालू ठेव. अहो, चला. पान वाढून आलेय."

नाना काउंटरची फळी उचलून बाहेर आले. पायरी उतरले आणि तिथेच थबकले. रिक्षात लतावहिनी बसल्या होत्या, मांडीवर आमच्याच दुकानाची पिशवी. पिशवीतून लाल काचा दिसत होत्या.

नाना पिशवीकडे बघत राहिले. मग काकींकडे. मग पुन्हा पिशवीकडे.

काकी म्हणाल्या, "वहिनी, जरा सरका हो. यांना बसू द्या."