दारं काढलेलं कपाट

वडील गेल्यावर आमच्यात वाटणी झाली ती एका वाक्यात. "तुझा हात चांगला आहे, तू कुठंही कमावशील," असं थोरला भाऊ, आमचा अण्णा, म्हणाला. मोठ्या रस्त्यावरचं शिवणाचं दुकान त्याच्याकडं राहिलं आणि मला एक मशीन मिळालं. हाताचं कौतुक करून माणसाला दुकानातून कसं उठवतात, हे मी त्या दिवशी शिकलो. पुढं म्हैसुरातच, त्याच्यापासून दोन गल्ल्यांवर, मी लहानसं घर घेतलं. पुढच्या खोलीत मशिनं बसवली, गिऱ्हाईक जमवलं. पण ते वाक्य पचलं नाही. अजूनही पचलेलं नाही.

आई अण्णाकडंच राहिली. दुकान तिथं, घरातला विठोबा तिथं, म्हणून आईही तिथं. मी तिला बोलावलं की अण्णा चार माणसांत म्हणायचा, "तिला ठेवणार कुठं रे? बटणांच्या डबीत?" लोक हसायचे. म्हणून एका दिवाळीनंतर आई स्वतःहून "महिनाभर येते" म्हणाली, तेव्हा मी मनाशी ठरवलं, ती परत जाता कामा नये.

घरात झोपायची खोली एकच, आणि तीही सामानानं भरलेली. लोखंडी पेट्या, गिऱ्हाइकांच्या कपड्यांची गाठोडी, भिंतीला टेकवलेली कापडाची ठाणं. बायको म्हणाली, "खोली आईंना देऊ. आपण पुढं मशिनांच्या मध्ये चटई टाकू." तेव्हा एक मोठं कपाट आणून सगळा पसारा त्यात घालायचा आणि उरलेल्या जागेत आईची खाट, असा बेत झाला.

कपाट मला म्हैसुरातल्याच जयलक्ष्मीपुरम भागात मिळालं. एक निवृत्त गृहस्थ बंगला सोडून मुलाकडं चालले होते आणि सामान विकत होते. शिसवी कपाट, पितळी कुलूप, एका दाराला उभा आरसा. अण्णाच्या घरात तसलं काही नव्हतं, हेही खरेदीचं एक कारण होतं. त्यांनी सांगितलेल्या किमतीवर मी हसलो. दोनदा फाटकाबाहेर गेलो, दोनदा त्यांनीच परत बोलावलं. मग घरातल्या बाईंनी कॉफी आणून दिली. कॉफी पिता पिता घासाघीस करता येत नाही असं लोकांना वाटतं. मला येते.

मापं मी गळ्यातल्या टेपनंच घेतली होती. कपाट भिंतीला बरोबर बसत होतं, समोर खाट बसत होती, मधून आईला अंग चोरून जाण्यापुरती वाट राहत होती. हमालांनी कपाट आत आणून लावलं. मी किल्ली फिरवली, दार ओढलं. ते वीतभर उघडलं आणि खाटेच्या कडेला अडलं.

काखेत लूज ठेवा, माणूस हात वर करणार आहे, असं आयुष्यभर कारागिरांना ओरडून सांगणारा मी. आणि कपाटाला मात्र अगदी अंगाबरोबर माप दिलं होतं.

"छान बसलंय," बायको म्हणाली. "फक्त श्वास घेता येत नाही बिचाऱ्याला."

मी हमालांवर ओरडलो. त्यांचा काही संबंध नव्हता. मग कपाट खिडकीकडं सरकवलं, तर खोलीत अंधार झाला. खाट आडवी लावली, तर खोलीचंच दार लागेना. शेवटी सगळं होतं तसं ठेवलं. कपाट उघडायचं असेल तेव्हा खाट ओढायची, एवढंच.

आई आली. मी तिला मधला कप्पा दाखवला, हात सहज पोचेल असा, मुद्दाम रिकामा ठेवलेला. "बरं आहे," म्हणाली, आणि आपली पत्र्याची पेटी खाटेखाली सरकवली. दुसऱ्या दिवशी बघतो तर खाली वाकून पेटीतूनच लुगडं काढतेय. तिसऱ्या दिवशीही तेच. कप्पा रिकामाच. पाहुणी आली होती आणि पाहुणीसारखी राहत होती. महिना सरत आला तसा माझा पारा चढत गेला. एका सकाळी ती खाटेवर बसून अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होती, तेव्हा मी दारात उभा राहून ओरडलो, "एवढं कपाट आणलं ते काय मी स्वतःचा चेहरा बघायला आणलं?"

"हळू बोल. गिऱ्हाईक बसलंय बाहेर."

"कप्प्यात का ठेवत नाहीस काही?"

"अय्यो, ते उघडायचं तर खाट ओढायला पाहिजे. खाट ओढायला सुनेला हाक मारायला पाहिजे. किल्ली तिच्या कमरेला. अण्णाकडंही हेच. लुगडं बदलायचं तरी कुणाला तरी 'अगं, जरा ऐक' म्हणायचं. पेटीला मी कुणाला विचारत नाही."

"मग काय, विकू कपाट?"

"विकतोस कशाला? दारं काढ."

"दारं काढून टाकायला आणलंय होय? दारं नसली तर ते कपाट कसलं, दुकानातलं रॅक!"

"मग रॅक. तुझ्या बापानं दुकानात सगळं उघड्यावरच ठेवलं. काय गेलं?"

"दुकान गेलं," मी म्हणालो.

आईचा हात थांबला. पुढच्या खोलीतलं मशीनही नेमकं त्याच वेळी थांबलं होतं.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. बोलले नाही." मग सोललेले दाणे तिनं भांड्यात सारले आणि दुसरी शेंग उचलली. "साकु, पुरे आता. पेचकस आण."

बिजागऱ्या जुन्या, घट्ट. तेल घालून एकेक स्क्रू मी स्वतः काढला. आरशाचं दार पुढच्या खोलीत भिंतीला लावलं. कपडे घालून बघायला गिऱ्हाइकाला आरसा हवाच होता, म्हणजे माझा सौदा काही वाया गेला नाही. गाठोड्यांवर धूळ बसू नये म्हणून खालच्या कप्प्यांना पडदा शिवला. संध्याकाळपर्यंत मधल्या कप्प्यात लुगडी लागली, औषधाचा डबा आला, चष्मा आला. खाटेवर बसल्या बसल्या आईचा हात सगळ्याला पोचत होता.

महिना संपल्यावर अण्णा रिक्षा घेऊन तिला न्यायला आला. रिक्षा दारात उभी करून आत शिरला आणि कपाटासमोर थबकला. "अरे, दारं कुठं गेली? घासाघीस करता करता दारं तिथंच सोडून आलास की काय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, "संक्रांतीला येते की तुझ्याकडं. एळ्ळु घेऊन येते."

आमच्या गावात संक्रांतीला तीळ-गुळाचं एळ्ळु घेऊन बायका दुसऱ्यांच्या घरी जातात. स्वतःच्या घरी कुणी एळ्ळु घेऊन जात नाही. अण्णाला ते कळलं. त्यानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा लुगड्यांकडं, आणि म्हणाला, "बरं. ये."

बाहेर रिक्षावाला थांबण्याचे भलतेच पैसे मागायला लागला. अण्णा मुकाट्यानं खिशात हात घालत होता. त्याला भाव करता येत नाही. चालू दुकानावर जाऊन बसलेल्या माणसाला तो कुठून येणार? मी बाहेर जाऊन रिक्षावाल्याशी भांडलो, रक्कम निम्म्यावर आणली, आणि अण्णाला एकट्यालाच रिक्षात बसवून दिलं.