गुगलला दिसलेल्या नोट्स

धाराशिवला एका क्लासची वेबसाइट मी सांभाळतो. कामाचे मेल महिन्याला चार येतात, किस्से आठवड्याला पाच!

क्लासचे मालक म्हणजे आमचे सर. पहिल्याच दिवशी म्हणाले, "नोट्स फक्त फी भरलेल्यांनाच दिसल्या पाहिजेत. पण गुगलवर आपणच पहिले!"

"सर, लॉगिनच्या आतलं गुगललाही दिसत नाही."

"मग गुगलला मेंबर करा की! फी माफ!"

*

मी मधला मार्ग काढला. प्रत्येक धड्याच्या दोन ओळी सगळ्यांना दिसू द्यायच्या, बाकीचं मेंबरांना.

त्या दोन ओळी सरांनी स्वतः लिहिल्या. पहिलीत त्यांचं नाव, दुसरीत डिग्र्या. धडा कशावर आहे, हे मेंबर झाल्यावरच कळायचं!

*

मग मुरूमहून सरांचा मेव्हणा आला. त्याला कॉम्प्युटरमधलं 'सगळं' येतं. दहा मिनिटांत लॉगिनच काढून टाकलं त्यानं. चार दिवसांत क्लास गुगलवर वर आला आणि सरांनी पेढे वाटले.

मी म्हणालो, "सर, चाचणीच्या उत्तरसूचीपण उघड्या पडल्यात."

"तुमाला दुसऱ्याचं चांगलं बघवत न्हाय!"

*

पुढची चाचणी पोरांनी घरूनच मोबाईलवर दिली. सातवीच्या अख्ख्या बॅचला पन्नासपैकी पन्नास! चौकात फ्लेक्स लागला. त्यावर सरांचा फोटो मोठा, पोरांचे तिकिटाएवढे.

एकटी बेंबळीची रुक्साना एकोणपन्नासवर राहिली. सर तिला 'अ' बॅचमधून काढायला निघाले. तिचे वडील, रशीदभाई, तिला घेऊन सकाळच्या एसटीनं आले.

"सर, पोरगी लई अभ्यास करती हो. काढू नका."

"सगळ्यांना आलं ते हिलाच कसं आलं न्हाय?" सर सगळ्यांसमोर ओरडले. "झाडाचं अन्न कुठं तयार होतं? हिनं लिवलंय, पानात!"

उत्तरसूचीत 'मुळात' होतं. ती सरांनीच टाईप केलेली. बाकीच्या एकोणचाळीस पोरांनी तेच 'मुळात' उतरवलं होतं. मला तिथं बसायची लाज वाटली.

रुक्सानानं दप्तरातून विज्ञानाचं पुस्तक काढलं, पान उघडून सरांपुढं ठेवलं.

सरांनी ते दोनदा वाचलं. मग पुस्तक मिटून माझ्याकडं सरकवलं आणि हळूच विचारलं,

"हे गुगलवरनं काढून टाकता येतं का?"